नानांनी मला तिला थांबवायला बोलावलं होतं

मागच्या रविवारी दीपनगरला गेलो होतो... भांडायला.

सकाळी नानांचा फोन आला. नाना म्हणजे तिचे वडील, पॉवर स्टेशनमध्ये नोकरीला. मी कॉलेज अर्धवट सोडल्यापासून या माणसाने मला क्वार्टरच्या गेटच्या आत पाय ठेवू दिलेला नाही. आणि त्या दिवशी म्हणतात, "विहारात ये. आज तिचं डोकं भादरताहेत. तुझं ऐकेल ती. एवढं थांबव, पुढचं मी पाहतो."

पुढचं म्हणजे आमचं लग्न, ते मला बरोबर कळलं. ज्या एका गोष्टीसाठी मी इतकी वर्षं जळतोय, ती नानांनी फोनवरच देऊन टाकली होती.

तिचं नाव लिहीत नाही. विहारात महिलांचं श्रामणेरी शिबिर आहे हे तिने मला आधीच सांगितलं होतं. केस काढायचे, चीवर घालायचं, भिक्खुणींसारखं राहायचं. मी म्हटलं, जा, केस काय येतील परत. तर म्हणाली, "आधी शिबिरापुरतं... मग बघू."

त्या 'मग बघू'ने माझं डोकं फिरलं. माझं डोकं कसं फिरतं ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. तेव्हापासून आमचं बोलणं बंद होतं.

नशिराबादहून गाडी काढली ती थेट विहाराच्या पायऱ्यांपाशी उभी केली. आत पांढऱ्या साड्यांमधल्या मुली, बायका ओळीने बसल्या होत्या. ती शेवटच्या ओळीत होती. शेजारी तिची आई, ओंजळीत पांढरं कापड धरून... केस झेलायला. नाना मागे भिंतीपाशी उभे.

तरातरा आत निघालो तर दारातल्या म्हाताऱ्या भिक्खुणीने अडवलं. "बूट, बेटा." आता भांडायला आलेल्या माणसाने खाली बसून लेस सोडायच्या म्हणजे काय... पण सोडल्या.

सगळे त्यांना आर्याजी म्हणत, शिबिर त्याच घेत होत्या. बूट काढता काढताच मी त्यांच्यावर सुरू झालो. घरात राहून, लग्न करून धम्म पाळता येत नाही का? शेवटी जे बोलायला नको तेही बोललो. "बाईमाणसाला खरंच पोचता येतं का निर्वाणापर्यंत? का नुसतं डोकं भादरून बसवायचं?"

आजूबाजूच्या बायका वळून बघायला लागल्या. मला वाटलं, आता हाकलतील.

आर्याजी माझ्याशेजारी पायरीवर बसल्या. म्हणाल्या, हा प्रश्न फार जुना आहे. बुद्धांची मावशी गौतमी, जिने त्यांना आईच्या माघारी वाढवलं, तिने संघात घ्या म्हणून विनवलं. नाही म्हणाले. पुन्हा विनवलं, पुन्हा नाही. मग तिने स्वतःच केस कापले आणि बाकीच्या बायकांना घेऊन पायी मागे गेली. पाय सुजलेले, अंगभर धूळ, दाराबाहेर रडत उभी.

बुद्धांचा शिष्य आनंद, त्याने तिला पाहिलं. तो आत गेला आणि त्याने हेच विचारलं... स्त्रीला तिथवर पोचता येतं का? बुद्ध म्हणाले, येतं.

"अटी घातल्या, त्यावर आजही वाद आहेत," आर्याजी म्हणाल्या. "पण 'येतं' हा शब्द कुणाला मागे घेता आला नाही. लेकरं गमावलेल्या आया पोचल्या, दासी पोचल्या, राण्या पोचल्या. आणि पोचलो असं स्वतःच्या तोंडाने सांगून गेल्या." मग उठता उठता म्हणाल्या, "तुझा प्रश्न बरोबर आहे, बेटा. फक्त त्याने तो तिला आत नेण्यासाठी विचारला होता."

मी बूट कडेला सरकवले आणि आत जाऊन उभा राहिलो.

तिची पाळी आली. आईने परवानगी दिली. आर्याजींनी नानांना विचारलं. पुन्हा विचारलं. नाना माझ्याकडे पाहायला लागले.

नाना मूळचे पिंपळनेरकडचे, जीव कासावीस झाला की अहिराणीवर येतात. "माले काय इचारतस? याले इचारा," म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "बोल ना रे भो. जमी का पोरले?"

सगळं विहार माझ्याकडे बघत होतं. 'नाही' म्हटलं की संपलं. ती उठली असती की नाही माहीत नाही, पण नानांनी परवानगी दिली नसती, आणि त्यांच्या परवानगीशिवाय आर्याजींनी वस्तरा लावला नसता.

मी तिच्याकडे पाहिलं. ती विनवत नव्हती, रागावलेलीही नव्हती. मी भडकून वाट्टेल ते बोलायचो तेव्हा ती अशीच समोर बसून राहायची... उलट बोलायची नाही, उठूनही जायची नाही. माझा राग दमेपर्यंत बसायची. मी त्याला कायम माझ्यावरचं प्रेम समजत आलो. असेलही. पण ते तेवढंच नव्हतं.

"जमेल नाना," मी म्हटलं. "तिला नाही जमणार तर कुणाला जमेल?"

नानांनी मान हलवली. वस्तरा फिरला. ते केस त्या कापडात पडताना मी पाहू शकलो नाही, खोटं कशाला बोलू.

नंतर ती चीवर घालून आली आणि नाना तिच्यापुढे गुडघे टेकून वाकले. स्वतःच्या पोरीपुढे. त्यांच्या मागे मीही वाकलो. दुपारी भोजनदानाला भाताची पळी माझ्या हातात आली. ती समोर आली, नजर भिक्षापात्रात. मी भात वाढला. ती पुढे गेली.

निघालो तर नाना विहाराच्या गेटपाशी उभे. मला वाटलं, आता शिव्या बसणार. तर माझ्या गाडीवर मागे बसत म्हणाले, "घर चाल. जेवी ले."

तिच्या घरी पहिल्यांदा जेवलो... ती नसताना. नानांनी माझ्या ताटात दोनदा भाजी वाढली.

डोकं शांत झालं वगैरे काही नाही. रोज फोन हातात घेतो आणि ठेवून देतो. ती परत येईल का, हे आता कुणालाच विचारत नाही. पोचता येतं का, एवढं विचारलं होतं... त्याचं उत्तर मिळालं. आर्याजी, आभार.