सांदणांची थाळी
वाफवलेल्या सांदणांचा नारळी वास आला की मला शारजातलं झावळ्यांचं ते घर आठवतं. साठच्या दशकात मी तिथे एका पेढीत इंग्रजी टायपिंग करायचो, म्हणून आमच्या रत्नागिरीकडच्या लोकांची इंग्रजी पत्रंही मीच वाचायचो. शेजारी वडिलांकडे राहणाऱ्या भाभीचा नवरा गावी निकाह करून अमेरिकेला गेला होता. दोन वर्षांनी तिकडून पाकीट आलं, तेव्हा तिने रिवाजाप्रमाणे आधी थाळी पुढे केली. "भाई, तोंड गोड करा, मग वाचा." मी सांदण तोंडात टाकलं आणि कागद उघडला. त्याने तिथल्या कोर्टात घटस्फोट मागितला होता. तिला काही म्हणायचं असेल तर तीस दिवसांत कळवायचं होतं. "मला न्यायचे कागद आहेत ना?" तिने विचारलं. तोंडातलं सांदण अजून संपलं नव्हतं. मी म्हणालो, "हो, पण वेळ लागेल." "लागू दे, इन्शाल्ला," म्हणत तिने ते कागद निकाहाच्या ओढणीत गुंडाळले. उद्या सांगू, उद्या सांगू करत मी तीस दिवस घालवले आणि मग अबुधाबीची नोकरी धरली. पुढे दर ईदेला कुणाच्या तरी हाती तिचा डबा यायचा, आणि आणणारा तिचा निरोप सांगायचा, "भाभी विचारते, अजून किती वेळ?" आता सून सांदणं वाढायला येते, तेव्हा मी म्हणतो, मला गोड चालत नाही.