पोटगीसकट नवरा

पडदे शिवणाऱ्या बाईनं चाळिशी ओलांडल्यावर लग्न ठरवलं, तेव्हा घरात आनंदीआनंद झाला. तो फार तर चहा होईपर्यंत टिकला. नवरदेव लिफ्ट दुरुस्त करणारा, हसरा, सरळ माणूस. पण घटस्फोटित, आणि पगाराचा तिसरा हिस्सा पहिल्या बायकोला पोटगी म्हणून देणारा.

"म्हणजे तू मशीन चालवायचं आणि संसार तिचा चालायचा!" दादा कडाडला.

तिला झोंबलं, कारण तिच्याही मनात तेच होतं. उद्या डोळे अधू झाले, शिवण थांबली, तर? तिनं लिफ्टवाल्याला आडपडदा न ठेवता विचारलं, "हे थांबणार कधी?"

"ती पुरेसं कमवायला लागली की. नाहीतर चालूच राहील, खोटं नाही सांगत."

"कोर्टातून कमी करून घ्या म्हटलं तर?"

"आधी तिला भेटून या. मग म्हणा."

ती पहिल्या बायकोच्या घरी गेली. दार उघडणारी बाई म्हणाली, "पडदेवाल्या ना? या, मी वाटच बघत होते."

चहा घेताना तिनं सांगितलं, सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांचं करायला तिनं नोकरी सोडली होती. त्या गेल्या, नवऱ्याशी पटेनासं झालं, आणि तोवर कामावरची तिची जागाही भरली होती. "आधी पैसे घ्यायची लाज वाटायची. आता नाही वाटत."

"वाटूच नये!" पडदेवाली बोलून गेली आणि स्वतःच चकित झाली.

"बरं, तो घोरतो हे सांगितलं का?"

"नाही हो!"

"बघा, लबाड! पैशांचं तेवढं सांगितलं."

दोघी इतक्या हसल्या की बशीत चहा सांडला.

परत आल्यावर पडदेवालीनं लिफ्टवाल्याला बजावलं, "पोटगी चालू राहू दे. शिवणकामाची कमाई माझ्याच खात्यात राहील. घरखर्च अर्धा अर्धा, आणि जेवढं झेपेल तेवढंच घर."

"एवढंच ना?" त्याचा चेहरा उजळला.

झेपणारं घर मिळालं पाचव्या मजल्यावर. लिफ्ट कायमची बंद, म्हणून भाडं कमी. लग्नाआधीच तो अवजारं घेऊन तिथं ठाण मांडून बसला आणि लिफ्ट चालू केली. शेजारी खूश, मालक त्याहून खूश. देखभालीचं काम लिफ्टवाल्यालाच देऊन मालकानं भाडं आणखी उतरवलं.

आजही महिनाअखेरीला हात आखडता घ्यावा लागतोच. पण लग्नाच्या दिवशीची गंमत काही औरच: दादा कपाट घेऊन लिफ्टमधून अलगद वर आला, कपाट उतरवलं आणि पुन्हा आत शिरला.

"आता कुठे?" बहिणीनं विचारलं.

"तुझ्या वहिनीला आणतो," तो म्हणाला, आणि लहान पोरासारखा खूश होऊन त्यानं बटण दाबलं. वहिनी तर केव्हाची घरात येऊन सोफ्यावर बसली होती.