घोडेपट्टीचा माग

योगिनी लातूरकडची. नवऱ्याला चाकणच्या कंपनीत नोकरी, म्हणून लग्नानंतर पुनावळ्यात आली. आकुर्डीच्या एका कॉलेजात मराठी शिकवता शिकवता तिनं पीएचडीला विषय घेतला तो इथल्या शिवारांच्या जुन्या नावांचा. आपण राहतो त्या इमारतीच्या जागेला आधी काय म्हणायचे, हे सोसायटीत कुणालाच सांगता येईना. तिथून ही चौकशी सुरू झाली.

दोन वर्षांत लॅपटॉपवर लेखांचा नुसता ढीग झाला. कुठलं वाक्य कुठून घेतलं, तिचं तिलाच कळेनासं झालं. कॉलेजच्या ग्रंथपाल नेहानं तिला झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर टाकून दिलं.

"लेख यात टाकायचा. लेखक, साल, पान, सगळं एका जागी राहतं. प्रबंधात संदर्भ घालायचा झाला की इथूनच घालायचा. शेवटची यादी ते आपोआप करतं."

योगिनीनं चार दिवस बसून सगळं भरलं. भरताना एक गंमत दिसली. घोडेपट्टी नावाच्या शिवारात फौजेची घोडी बांधत, असं तीन लेखांत होतं. तिन्ही लेखांचे संदर्भ तिनं एकमेकांना जोडून पाहिले. दुसऱ्यानं पहिल्याचा आधार घेतला होता, तिसऱ्यानं दुसऱ्याचा. आणि पहिल्याचा आधार होता जत्रेच्या स्मरणिकेतला एक लेख, अण्णासाहेब नावाच्या निवृत्त शिक्षकांचा.

ती दिघीला त्यांच्या घरी गेली.

"मला भैरूनं सांगितलं होतं," अण्णासाहेब म्हणाले. "तुमच्या पुनावळ्यातच असतो. विचारा त्याला."

भैरूबाबा मुलाच्या हार्डवेअरच्या दुकानासमोर खुर्ची टाकून बसले होते.

"घोडी हुती, व्हय. पर फौजेची न्हाई. आमचा चुलता वरातीला भाड्यानं द्यायचा."

"मग फौज कुठून आली, बाबा?"

"म्या म्हनलं, लई घोडी हुती. लई म्हनल्यावर मास्तरला फौज वाटली आसंल."

योगिनीला हसू आवरेना. मग तिनं विचारलं, "पण घोडेपट्टी हे नाव चुलत्यांच्या आधीपासून होतं का?"

"ते न्हाई ठावं, पोरी. आन् सांगनारं बी कुनी ऱ्हायलं न्हाई."

तिनं अण्णासाहेबांना फोन करून हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "माझं चुकलं असं लिहा. माझ्या नावानिशी लिहा."

झोटेरोत मुलाखतीची वेगळी नोंद करता येते. तिथं तिनं भैरूबाबांचं नाव आणि तारीख घातली. पुढच्या खेपेला त्या नोंदीचं छापील पान दाखवल्यावर ते म्हणाले, "माझं कशाला? चुलत्याचं घाल. सयाजी."

अशा नावाला झोटेरोत वेगळा रकाना नव्हता. तिनं टिपेत लिहिलं: चुलते सयाजी यांच्या घोड्यांची आठवण.

आता ती तालुक्याला जाऊन जमिनीचे जुने उतारे चाळते आहे. सयाजींच्या आधीच्या एखाद्या कागदावर घोडेपट्टी सापडते का, ते तिला बघायचं आहे.