काचेची आणि दगडाची

वडगाव मागं पडलं तरी बायाक्का गप्पच होती. एका हातानं तिनं शालनचा दंड धरला होता. दुसऱ्या हाताच्या मुठीत दोन गोट्या एकमेकींवर घासत होत्या.

दर सोमवारी शेताकडच्या महादेवाला जाऊन दोघी चालत शहापूरला परतायच्या. एरवी वाटेत बायाक्काचं तोंड बंद नसायचं. कुणाच्या घरात फोडणी करपली, कुणाचा हातमाग आज बंद आहे, सगळं शेजारच्या शालनला तीच सांगायची. डोळे तर काचबिंदूनं कधीच नेले होते.

"दमलीस काय गं आक्का?"

"दमायला काय झालंय? चाल तू."

जन्मभर तिनं नवऱ्याच्या मागासाठी रहाटावर सुताच्या कांड्या भरल्या, तुटलेला धागा बोटांनी हुडकून गाठ मारली. डोळे गेल्यावर घरही त्याच बोटांवर चालवलं. नवरा परशराम वारला, माग मोडीत गेला. मुलगा नागेंद्र बेंगळूरला. "एकटीला जमतंय न्हवं? न्हाईतर आश्रमात बोलून ठेवलंय," असं तो फोनवर म्हणायचा. ती म्हणायची, "लई झ्याक जमतंय."

दगडाची गोटी परशरामनं लहानपणी खडकाच्या खळग्यात पाणी घालून घासून घडवलेली. काचेची नागेंद्रच्या खेळातली, मागं राहिलेली. दोन्ही एकाच मापाच्या. देवळात दगडाची नंदीच्या पायाशी ठेवायची आणि काचेची मुठीत धरून प्रदक्षिणा घालायची, मग दोन्ही घेऊन परतायचं, हा तिचा नेम. "त्यो देवाजवळ गेला. ह्याला अजून धरून फिराय लागतंय," असं ती म्हणायची.

आज तिनं नंदीपाशी काचेची ठेवली होती. शालननं ते पाहिलं. सांगावं असं ओठावर आलं, पण बायाक्का इतकी मन लावून हात जोडत होती की शालन गप्प राहिली. देवाला काय, काच आणि दगड सारखंच.

बसथांब्याच्या कट्ट्यावर बायाक्का टेकली. एक गोटी चिमटीत फिरवली, पदरानं पुसली आणि सरळ तोंडात टाकली.

"अगं आक्का! बारकं पोर हाईस काय? गिळशील की!"

बायाक्कानं गोटी या गालातून त्या गालात नेली, दातावर टिचकवली आणि तळहातावर काढली.

"ही काचेची. बोटं म्हणत हुती दगडाची." तिनं गोटी पदराला पुसली. "सकाळी च्याचं भांडं तापलेलं कळलं न्हाय. साखरेच्या दुखण्यानं बोटं मरत्यात, म्हणालाय डाक्टर. नंदीपाशीबी उलटंच झालं न्हवं?"

शालन कट्ट्यावर तिच्याजवळ टेकली.

"तू बघितलंस. तुझा श्वास अडकलेला ऐकू आला मला."

"तुला वाईट वाटलं असतं, म्हणून..."

"म्हणूनच सगळी गप बसत्यात. आमटी खारट झाली तरी झ्याक, लुगडं उलटं नेसलं तरी झ्याक. परशराम हुता तवर कांडी सैल झाली की अंगावर फेकायचा. आता चुकलं म्हणायला घरात कोण न्हाय गं."

समोरून बस गेली. धूळ बसेपर्यंत बायाक्का तोंडावर पदर धरून राहिली. मग तिनं चाचपत शालनचा हात शोधला आणि दोन्ही गोट्या त्यात ठेवल्या.

"ह्या तुझ्याकडं ऱ्हाऊ देत. रोज सकाळी यायचं, एक माझ्या हातावर ठेवायची आणि कंची ते इचारायचं. माझं चुकलं तर तोंडावर चुकलं म्हणायचं. आणि जिभेलाबी कळंना झालं, की नागेंद्रला आश्रमासाठी फोन तू लाव. माझ्यानं न्हाय व्हायचं ते."