नवाबासाठी शिजलेली हाडं

कामरगावच्या फाट्यावर एसटी थांबली, तेव्हा बाबांचा उजवा हात गळ्यात बांधलेला होता आणि मायच्या कपाळावरची जखम अजून ओली होती. कंडक्टरने विचारलं, "कुठं पडले बाप्पा?" बाबा म्हणाले, "गावात." गाडी हलली आणि मी, बारा वर्षांची पोर, खिडकीतून आमच्या खेड्याच्या दिशेने थुंकले.

चुलतभावांनो, तुम्ही गावात मागे राहिलात. तुम्ही म्हणता, नागपूरला जाऊन मी गाव विसरले. विसरता आलं असतं तर सुखाने झोपले असते.

बहात्तरच्या दुष्काळात माणसं रेशनची लाल मिलो, ती परदेशी ज्वारी, निमूट गिळत होती. आमच्या कुत्र्याला मात्र ती चालेना. भाकर हुंगायचा आणि तोंड फिरवून बसायचा, म्हणून बाबांनी त्याचं नाव नवाब ठेवलं. घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा, तसली गत! माय दिवसभर खडी फोडून यायची, पण त्याला उपाशी ठेवणं तिला जमत नसे. येताना कापसाची वाळलेली पऱ्हाटी वेचायची, मोळी खाटकाच्या चुलीला द्यायची आणि बदल्यात बकऱ्याची उरलेली हाडं आणायची. तीच हाडं पुन्हा पुन्हा उकळायची. त्या पाण्यात कुस्करलेली मिलोची भाकर नवाब चाटूनपुसून खायचा. दुष्काळातही त्याचं अंग चमकायचं, आणि तेच लोकांच्या डोळ्यांत खुपलं.

ढोरं पटापट मरत होती. दीक्षा घेतल्यापासून आमच्या माणसांनी मेलेलं ढोर ओढणं सोडलं होतं. गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याचा बैल मेला, तसा तो आपल्या भावांना घेऊन आमच्या दारात आला.

"काहून बे, तुह्या चुलीवर हाडं शिजते अन् ढोर ओढाले लाज वाटते?"

माय म्हणाली, "थे बकऱ्याचे हायत. कुत्र्यासाठी."

त्याने तो आणखी पेटला. "आमचे लेकरं मिलो खाऊन राह्यले अन् याच्या कुत्र्याले मटन!"

बाबा एवढंच म्हणाले, "तुमचं ढोर, तुमीच ओढा."

दुसऱ्या दिवशी आमच्या अंगणात तूप लावलेली गव्हाची पोळी पडली होती. त्या सालात गव्हाची पोळी! नवाबाने हुंगली आणि तोंड फिरवलं. वस्तीतल्या एका भुकेल्या कुत्रीने ती खाल्ली आणि तोंडाला फेस येऊन, पाय झाडत मेली. माय नवाबाला पोटाशी धरून रडली आणि त्याच्या नखऱ्यांना हसलीही.

मग ते काठ्या आणि कुऱ्हाड घेऊन आले. पहिला तडाखा बाबांच्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला आजही ऐकू येतो. माय आडवी आली, तिचं कपाळ फोडलं. चुलीवरचं भांडं लाथाडलं. नवाबाने त्या शेतकऱ्याची पोटरी धरली आणि सोडलीच नाही, पाठीत कुऱ्हाड बसेपर्यंत. वस्तीतली दारं बंद होती. तुमचंही होतं. तेव्हा तुम्हीही पोरंच होता, तरी मला अजून राग येतो.

त्यांनी नवाबाच्या मागच्या पायांना दोर बांधला आणि दोराचं टोक बाबांच्या अंगावर फेकलं.

"ढोर नाही ना ओढत? मंग हे तरी ओढ."

बाबा उठले. रक्ताने माखलेले, वेदनेने पांढरे पडलेले. त्यांनी दाताने दोराची गाठ सोडली. डाव्या हाताने नवाबाला उचलून छातीशी घेतलं आणि त्या सगळ्यांच्या मधून, पाय फरफटत, घरामागच्या कडुनिंबापर्यंत गेले. कुणी वाट अडवली नाही. मायने दगड उकरायच्या सब्बलीने खड्डा खणला.

बाबांचा हात वाकडाच बसला. त्याच हाताने त्यांनी नागपूरला गिरणीत जन्म काढला. आता मी लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये राहते. नातीचं कुत्र्याचं पिल्लू पॅकेटमधलं चिकन-राइस नाकारतं, तेव्हा घरात हशा पिकतो आणि मी गॅलरीत जाऊन उभी राहते. इथेही आडनाव विचारणारे भेटतातच. पण अंगावर दोर फेकायची कुणाची हिंमत होत नाही.

तुम्ही विचारता, आमच्या पडक्या घराच्या जागेवर दोन खोल्या बांधायच्या का. खुशाल बांधा, सही करते. तुमची पोरं तिथे नांदोत. फक्त कडुनिंबाखाली पाया खणू नका. माझ्या बापाने जे ओढलं नाही, ते तिथे आहे. माझं गावात घर तेवढंच.