पुलियाजवळची अकरा सेकंदं

गाडीत कॅमेरा बसवायचा हट्ट माझ्या नवऱ्याचा. तुमसरच्या बाजारात एका ट्रॅक्टरवाल्याने मागून धडक दिली आणि वर मीच गाडी मागे घेतली म्हणून भर चौकात भांडला. मी शाळामास्तरीण, पण त्या दिवशी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. आठवड्याभरात नवऱ्याने काचेला, आरशाच्या मागे, काडेपेटीएवढा कॅमेरा चिकटवून आणला. म्हणाला, "आता कोणाशी भांडायची गरज नाही. हा सगळं पाहते, सगळं ऐकते. आठवडाभराचं राहते, मग जुनं पुसून नवं घेते."

मी विसरूनही गेले त्याला. गाडी सुरू केली की एक बारीक टिंग वाजायचं, तेवढीच त्याची ओळख.

मी भंडाऱ्याहून रोज शाळेला जाते. वरठी सोडली की मोहाडीच्या अलीकडे एक फाटा आत वळतो, तिथून दोन किलोमीटरवर गाव. एरवी शाळा दहाची, पण शनिवारी सकाळची, म्हणून शनिवारी साडेसहालाच निघते. त्या वेळी वरठीच्या कारखान्याची रातपाळी सुटलेली असते. मफलर बांधलेली माणसं सायकलींवरून, मोटारसायकलींवरून घराकडे निघालेली असतात. रोज दिसणाऱ्या गोष्टी आपण पाहत नाही, तशी ती माणसंही मी कधी पाहिली नव्हती.

धानाची कापणी चालू होती तेव्हाची गोष्ट. त्या शनिवारी विरळ धुकं होतं. मी शाळेत पोचले, प्रार्थना झाली. आमच्याकडे पोरांची खिचडी शिजवायला गावातलीच एक बाई येते. दहा-बारा वर्षांची आमची ओळख. कमी बोलणारी, हाताला चव असलेली. तिने चुलीवर गंज, म्हणजे खिचडीचं मोठं पातेलं, चढवला होता. आठच्या सुमारास तिचा दीर मोटारसायकलवर आला, उतरलाही नाही, फाटकातूनच म्हणाला, "वहिनी, चाल. भाऊले दवाखान्यात नेलं."

ती हात पदराला पुसत तशीच मागे बसली. खिचडी मी ढवळली. पोरांना वाढता वाढता निरोप आला की दवाखान्यात पोचायच्या आधीच तिचा नवरा गेला. हार्ट अटॅक. पन्नाशीही झाली नव्हती.

मी त्याला ओळखत होते. पालकसभेला यायचा. एकदा शाळेचा हापसा बिघडला तेव्हा सुटीच्या दिवशी येऊन दुरुस्त करून गेला, चहाशिवाय काही घेतलं नाही. कारखान्यात ठेकेदाराकडे रातपाळीला होता. सायकलने जायचा, सायकलने यायचा.

सोमवारी शाळा सुटल्यावर आम्ही सगळे शिक्षक भेटायला गेलो. समोरच्या खोलीत बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली होती. खाली सतरंजीवर बायका बसल्या होत्या. ती भिंतीला टेकून होती. मी तिच्याजवळ बसले, हात हातात घेतला. बाहेर ओट्यावर तिचा दीर कोणाला तरी सांगत होता.

"नहराच्या पुलियाजवळ पडून होता. साडेसातले दिसला दूधवाल्याले. डाक्टर म्हणे, अर्धा तास आधी आणता त काही करता आलं असतं."

दुसरा म्हणाला, "एवढ्या गाड्या जातेत त्या रस्त्यानं. कोणी एक थांबला नाही."

नहराची पुलिया, कालव्यावरचा तो छोटा पूल, शनिवारी मी सात-सव्वासातला ओलांडते. माझा हात अजून तिच्या हातात होता. तो मी कसा सोडवून घेतला, घरी गाडी कशी आणली, आठवत नाही.

संध्याकाळी नवऱ्याला म्हटलं, "शनिवारचं काढून दे." त्याने कार्ड लॅपटॉपला लावलं आणि तो भाजी आणायला गेला. मी एकटीच पाहत बसले.

धुक्यातून रस्ता पुढे येतो आहे. दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाचे भारे. आणि माझा आवाज. मी हे विसरलेच होते, की हा ऐकतोसुद्धा. मी गाडीच्या स्पीकरवर तुमसरच्या बहिणीशी बोलते आहे. ती सांगते आहे की नव्या दूधवाल्याने तिच्या नवऱ्याला आजोबा म्हटलं. मी म्हणते, "अगं, मग भाऊजी काय म्हणाले?"

पुलिया दिसायला लागते. कठड्याजवळ एक माणूस सायकल धरून, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून उभा. एक हात हँडलवर. गाडी जवळ येते, तो मान वर करतो, समोर पाहतो, म्हणजे माझ्याकडेच पाहतो, आणि दुसरा हात वर करतो. पूर्ण नाही, खांद्यापर्यंत. त्याच क्षणी मी खळखळून हसते. तो काचेच्या कडेने निघून जातो. पुढे नुसतं धुकं, आणि माझं हसू अजून चालूच.

दिसल्यापासून दिसेनासा होईपर्यंत अकरा सेकंदं. मी किती वेळा पाहिलं ते मोजलं नाही. नवरा परत आला तेव्हा त्याने एकदा पाहिलं. तो पिशवी हातात घेऊनच उभा होता. मग म्हणाला, "तुले माहीत थोडी होतं." पिशवी खाली ठेवत म्हणाला, "पुसून टाकू का?"

"नको," मी म्हटलं.

पुढचे पंधरा दिवस फार वाईट गेले. मी गाडी चालवायची आणि रस्त्याकडेचा प्रत्येक माणूस मला हात वर करताना दिसायचा. एका म्हाताऱ्यासाठी कचकन ब्रेक दाबला, तर तो रस्त्यापलीकडच्या बैलांना हाकारत होता. तो माझ्याकडे पाहतच राहिला, "का झालं, बाई?" वर्गात फळ्यावर लिहून वळले आणि पोरांनी उत्तरासाठी हात वर केलेले दिसले की मी प्रश्नच विसरायची. आणि हसायची मला भीती वाटायला लागली. हसू आलं की वाटायचं, आत्ता या घडीला कोण कुठे उभं असेल.

पुण्यानुमोदनाचा, म्हणजे गेलेल्याच्या स्मरणाचा, कार्यक्रम झाला आणि ती कामावर परत आली. पांढरी साडी, बाकी सगळं तसंच. मधल्या सुटीत पोरं जेवून गेल्यावर मी तिला स्वयंपाकाच्या खोलीतच गाठलं. मोबाइलमध्ये ते घेतलं होतं. आवाज मी आधीच बंद केला होता. तिला सांगितलं, "ताई, त्या दिवशी माझी गाडी त्यांच्या समोरून गेली. कॅमेऱ्यात आलंय. मला तेव्हा दिसलं नाही. पाहायचं नसेल तर नका पाहू."

तिने हात धुतले, कोरडे केले, मोबाइल घेतला. पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर चक्क हसू आलं.

"मॅडम, गाडी ओळखत ते तुमची. शनिवारी घरी आले का मले सांगत, आज मॅडम भेटल्या, हात दाखवला, पण मॅडमचं ध्यानच नाही राहत."

माझ्या छातीवरचा दगड हलल्यासारखा झाला. म्हणजे तो मदत मागत नव्हता. नेहमीसारखा नमस्कार करत होता. मी तेवढं धरून बसणार, तोच तिने पुन्हा लावलं. मग तिसऱ्यांदा. हसू मावळलं होतं.

"पण ते कधी उतरत नव्हते," ती म्हणाली. "चालत्या सायकलवरूनच दाखवत. उतरले काहून?"

आधीच्या शनिवारांचं काहीच उरलं नव्हतं, ते सगळं कॅमेऱ्याने केव्हाच पुसलं होतं. इतके शनिवार त्याने हात दाखवला आणि मी एकदाही पाहिला नाही.

मोबाइल परत देताना ती म्हणाली, "ठेवा हे. पोरगी येईन तवा दाखवा तिले." आणि गंज घासायला बसली.

मुलगी नागपूरला नर्सिंग शिकते. सुटीत आली तेव्हा आई तिला शाळेतच घेऊन आली. मुलीने मोबाइल घेतला आणि तिच्या सवयीनुसार बाजूचं बटण दाबून आवाज वाढवला. मी हात पुढे करेपर्यंत उशीर झाला होता. त्या पत्र्याच्या खोलीत माझं हसू घुमलं. मुलीने शेवटपर्यंत पाहिलं. मग विचारलं, "फोनवर होत्या, मॅडम?"

"हो."

"आईले दाखवलं तेव्हा आवाज नव्हता."

"मी बंद केला होता," मी म्हटलं. "तुझ्या आईला ते ऐकू जाऊ नये म्हणून. खरं म्हणजे माझ्यासाठीच."

आई चुलीजवळ उभी होती. ती रडली असती, ओरडली असती, तर मी उभं राहून ऐकलं असतं. तिने फक्त चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मुलगी म्हणाली, "मले पाठवून द्या." मी तिच्यासमोरच पाठवलं, होतं तसं.

त्यानंतरही तिची आई कामाला येत राहिली. खिचडीला चव तीच. पूर्वी माझी ताटली ती हातात द्यायची आणि दोन मिनिटं दाराशी टेकून बोलायची. आता टेबलावर ठेवते आणि जाते. मी तिला दोष देत नाही. मी आता गाडीत फोन घेत नाही, पण हे तिला सांगायची माझी हिंमत नाही. सांगितलं तर ते माफी मागितल्यासारखं होईल, आणि ती माफी देऊनही टाकेल अशी मला भीती वाटते.

महिनाभराने मुलीचा मेसेज आला. "मॅडम, आई तिच्या फोनवर रोज पाहते. पण म्हणते, आवाज काढून पाठवा. माझ्याच्याने निघत नाही."

नवऱ्याला सांगितलं. त्याने लॅपटॉप उघडला, दोन मिनिटांत आवाज काढून टाकला. मी पाठवून दिलं. पलीकडून लगेच उत्तर आलं: "मिळालं."