सक्षमीकरणाच्या तीन खेपा

समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला मला क्षेत्रकार्यासाठी बजाजनगरच्या मागची एक चाळ मिळाली. बहुतेक खोल्यांत बिहारकडून आलेले कामगार. खादीचा कुर्ता, खांद्याला झोळी आणि चेहऱ्यावर भरपूर कळकळ घेऊन मी आठवड्यातून एकदा तिथे जायचे.

एका खोलीतली बाई कंपनीत पॅकिंगच्या कामाला जायची. जाताना सात वर्षांच्या मुलीला आत ठेवून बाहेरून कुलूप लावायची, कारण सांभाळायला कोणी नव्हतं. पोरीचं नाव जवळच्या शाळेत घालायचं, एवढंच तिचं मागणं होतं.

पण लोकांची कामं आपण करून द्यायची नाहीत, त्यांना ती करायला सक्षम करायचं, असं आम्हाला शिकवलं होतं, आणि मी ते जरा जास्तच मनावर घेतलं. काय बोलायचं ते तिच्याकडून घोकून घेतलं आणि कामावर खाडा करायला लावून तिला एकटीला शाळेत पाठवलं. पहिल्यांदा तिला गावाकडचा दाखला मागितला. दाखल्यावाचून प्रवेश अडवता येत नाही, हा नियम मला परीक्षेपुरता तोंडपाठ होता. पुढच्या आठवड्यात अर्ज मराठीत हवा म्हणाले. त्याच्या पुढच्या आठवड्यात इथल्या ओळखीच्या माणसाची सही मागितली. माझ्या झोळीत तेव्हा चार पेनं होती. मी तिची पाठ थोपटली आणि वहीत लिहिलं, 'आत्मविश्वास वाढत आहे.' वाढत होता तो माझा.

चौथ्या आठवड्यात मी गेले तर खोलीत कोणीच नव्हतं. शेजारी राहणारी कन्नड तालुक्याकडची बाई दारात लसूण सोलत बसली होती.

"कालच नाव घातलं पोरीचं," ती म्हणाली. "म्या गेले संगं. अर्ज लिवून घेतला, ओळखीची म्हणून सही केली. लई वेळ नाय लागला."

मी घाईघाईने सांगू लागले, की मी मुद्दामच सोबत गेले नव्हते, तिचं तिला जमावं म्हणून. बाईने सगळं ऐकून घेतलं.

"व्हय ताई," ती म्हणाली, "पर तुमचं हे शिकवणं व्हईस्तोवर पोरगी कोंडूनच राह्यली ना."

तिने पाणी विचारलं. मला इतकी लाज वाटत होती, की मी तहान लागलेली असूनही नको म्हणाले.